गाण्याचा चेहरा कुणाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं गाव. परंपरेनं त्यांचा जन्म १२७० सालचा मानला जातो. नामदेव महाराज दिसायला कसे होते, हे आज कुणीही सांगू शकत नाही. देवळातल्या मूर्ती आणि कॅलेंडरवरची चित्रं ही भाविकांच्या मनातली रूपं आहेत. त्यांचा आवाज कसा होता, तेही कुणाला ठाऊक नाही. पण त्यांचं नाव पंजाबपर्यंत पोचलं. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि ती आजही भक्तिभावानं गायली जातात. चेहरा गेला, आवाज गेला, तरी नाव राहिलं. कारण ते नाव गाण्यातच ओवलेलं होतं. अभंगाच्या शेवटी 'नामा म्हणे' असं येतं, त्याला आपण नाममुद्रा म्हणतो. उर्दू गझलेच्या शेवटच्या शेरात, म्हणजे मक्त्यात, शायर आपलं तखल्लुस घालतो. तीही नाममुद्राच. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. त्यांचे अभंगही त्यांच्या नावानिशीच आपल्यापर्यंत आले. छापखाना नव्हता, तबकडी नव्हती, त्या काळात रचणाऱ्याचं नाव जपण्याची ही साधी आणि पक्की सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली होती.

आज हे सांगायचं कारण वेगळं आहे. गेली काही वर्षं रविवारी दुपारी माझ्याकडे गावातली आणि आसपासच्या खेड्यांतली काही मुलंमुली जमतात. त्यांच्या हातात मोबाइल असतो. नव्यानं गाऊ लागलेल्या गायक-गायिकांच्या गाण्यांचे व्हिडिओ त्यांना करायचे असतात. ती मला 'चाचा' म्हणतात. मी बी.ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा माणूस. लेन्स आणि फोकस ती मला शिकवतात. मी त्यांना गाणं कसं वाचायचं ते सांगतो, आणि आपल्या महाराष्ट्रात गाण्याला चित्राची जोड कशी मिळत गेली याच्या गोष्टी सांगतो. या गोष्टींमध्ये एक प्रश्न पुन्हापुन्हा समोर येतो. गाणं पडद्यावर आलं की त्याला चेहरा कुणाचा द्यायचा? गाणाऱ्याचा, की दुसऱ्याच कुणाचा?

कोल्हापूरची शाळा

या गोष्टीची सुरुवात कोल्हापुरात होते. बाबूराव पेंटर हे मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार. त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आणला. त्या कंपनीत प्रवेशपरीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं. पडेल ते काम करायचं आणि गुरूचा हात कसा चालतो ते पाहायचं, एवढाच अभ्यासक्रम. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल आणि व्ही. शांताराम हे तिघंही या शाळेतून बाहेर पडले. १ जून १९२९ रोजी त्यांनी आणखी दोघा भागीदारांसह प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. फत्तेलाल यांना सारे 'साहेबमामा' म्हणत. दामलेमामा आणि साहेबमामा ही जोडी मराठी चित्रपटाच्या इतिहासात जोडीनंच घेतली जाते.

१९३१ मध्ये 'आलम आरा'नं भारतीय चित्रपटाला वाचा दिली आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. गोविंदराव टेंबे त्यात राजा हरिश्चंद्र झाले होते आणि संगीतही त्यांचंच होतं. तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. तेव्हा गाणं आधी ध्वनिमुद्रित करून मग त्यावर ओठ हलवण्याची सोय नव्हती. कॅमेऱ्यासमोर जो उभा, त्यानंच गायचं. साथीदारांनी पेटी-तबला घेऊन चौकटीबाहेर, दिसणार नाही अशा जागी बसायचं. मायक्रोफोन लपवायचा. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. ही मोठी अडचण होती, पण तिच्यामुळे एक गोष्ट आपोआप सांभाळली गेली. आवाज आणि चेहरा एकाच माणसाचा राहिला.

१९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली आणि १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली 'संत तुकाराम' तयार झाला. विष्णुपंत पागनीस हे नाटक कंपनीत स्त्रीभूमिका केलेले गायक नट. ते तुकोबा झाले आणि स्वतःच्या गळ्यानं गायले. संगीत केशवराव भोळ्यांचं. हा चित्रपट मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम तीन चित्रपटांत त्याची गणना झाली.

मुलांना हा चित्रपट दाखवताना मी दोन गोष्टींकडे लक्ष द्यायला सांगतो. पहिली म्हणजे कॅमेरा. पागनीस गात असताना तो फारशी धावपळ करत नाही. गाणाऱ्याला गाऊ देतो. दुसरी गोष्ट म्हणजे सालोमालो. हा सालोमालो तुकोबांचे अभंग उचलतो, त्यांवर स्वतःची मुद्रा चढवतो आणि वर तुकारामानंच माझे अभंग चोरले म्हणून बोंब मारतो. चित्रपटातलं अर्धं भांडण नाममुद्रेचं आहे! गंमत अशी, की याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेलं एक पद इतकं बेमालूम उतरलं, की लोक ते तुकोबांचाच अभंग समजून भजनात गाऊ लागले. खरा कवी मागे राहिला. आठवल्यांचं नाव सांगणं हे आम्हा कवींचं कर्तव्यच आहे, म्हणून मी ते दरवेळी सांगतो.

पडद्याआडचा आवाज

१९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांनी 'धूप छाँव' या चित्रपटात गाणं आधी ध्वनिमुद्रित करून घेतलं. पार्श्वगायनाची ही सुरुवात. काही वर्षांतच ही पद्धत सगळीकडे रुळली. गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा.

यात केवळ नुकसानच झालं, असं मी म्हणणार नाही. पार्श्वगायन नसतं तर लता मंगेशकर, आशा भोसले, मोहम्मद रफी, सुधीर फडके यांचे आवाज आपल्या घरात इतक्या विपुलतेनं आले नसते. नट चांगला हवा आणि गायकही चांगला हवा, हे दोन्ही हट्ट एकदम पुरवता आले. कॅमेरा मोकळा झाला. माणूस डोंगर चढता चढता, नाव वल्हवता वल्हवता गाऊ लागला. पण एका जमान्याची सवय अशी पडली, की गाणाऱ्याला पडद्यामागे बसवण्यात कुणाला काही वावगं वाटेना. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी'. हे चित्रपटातल्या नायिकेच्या पात्राचं नाव. प्रत्यक्षात आवाज लताबाईंचा. तेव्हा रेडिओवर श्रोत्यांची पत्रं येऊ लागली, की हा आवाज कुणाचा? विचारणा झाली आणि मग रेडिओवरून खरं नाव सांगितलं गेलं, असं म्हणतात. जिथे चेहरा दिसतच नाही, त्या माध्यमानं गायिकेचं नाव लोकांपर्यंत नेलं, ही गोष्ट आकाशवाणीवर बोलताना मला आवर्जून सांगावीशी वाटते. त्यानंतरही फिल्मफेअर पुरस्कारांत गायकांसाठी वेगळा पुरस्कार नव्हता. लताबाईंनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि १९५९ पासून तो सुरू झाला.

मराठीतलं एक उदाहरण माझ्या मनात घर करून आहे. शाहीर अमर शेख मूळचे बार्शीचे, मेहबूब हुसेन पटेल. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांच्या आवाजानं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदानं भारली. १९६१ च्या 'प्रपंच' चित्रपटात त्यांनी भूमिका केली. पण त्या चित्रपटातलं घरोघर पोचलेलं कुंभाराच्या चाकाचं गाणं आहे सुधीर फडके यांच्या आवाजातलं. बाबूजींचं ते गाणं अवीट आहे, त्याबद्दल दुमत नाही. तरीही तो चित्रपट पाहताना समोर महाराष्ट्राचा एवढा मोठा शाहीर दिसत असतो आणि कान त्याच्या गळ्याची वाट पाहत राहतात.

उस्ताद आणि शागीर्द

पार्श्वगायनाच्या काळातच गाणं चित्रित करण्याची कला मात्र शिगेला पोचली. तिचा धागाही प्रभातपर्यंत जातो. अनंत माने प्रभातमध्ये संकलनाचं काम शिकले. फिल्मच्या पट्ट्या कापून जोडता जोडता त्यांना लय कळली. पुढे १९५९ साली त्यांनी 'सांगत्ये ऐका' दिग्दर्शित केला. माडगूळकरांचे शब्द, वसंत पवारांचं संगीत आणि आशाबाईंचा आवाज. पुण्यात तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. ढोलकीच्या कोणत्या थापेवर चित्र बदलायचं आणि कोणत्या थापेवर बदलायचं नाही, याचा तो वस्तुपाठ आहे.

गुरुदत्त १९४४ मध्ये प्रभातमध्ये आले. नृत्यदिग्दर्शक आणि सहायक म्हणून त्यांची उमेदवारी पुण्यातच झाली. पुढे ते स्वतः मोठे झाल्यावर त्यांनी काय केलं? राज खोसला या आपल्या सहायकाला १९५६ मध्ये 'सी.आय.डी.'चं दिग्दर्शन दिलं आणि स्वतः निर्माता म्हणून पाठीशी उभे राहिले. राज खोसला मुळात गायक व्हायला निघालेले. संगीत शिकलेले, काही काळ आकाशवाणीत संगीत विभागात काम केलेले. त्यांच्या चित्रपटांतली गाणी आजही पाहावीशी वाटतात, त्याचं मूळ त्या गाणाऱ्या कानात आहे. माझ्याकडच्या मुलांना मी म्हणतो, की कॅमेरा नंतर शिकाल, आधी राज खोसलांचा कान मिळवा.

प्रभात कंपनी बंद पडली, पण तिची जागा ओस पडली नाही. १९६० साली त्याच आवारात सरकारनं चित्रपटाचं शिक्षण देणारी संस्था सुरू केली. तीच आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट. कोल्हापुरात जे गुरूच्या पायाशी बसून शिकावं लागे, ते पुण्यात वर्गात शिकवलं जाऊ लागलं. तरी मुख्य गोष्ट बदलली नाही. कुणीतरी जाणत्यानं नवशिक्याच्या हातात काम द्यायचं, बिघडू द्यायचं आणि पुन्हा करून घ्यायचं.

गायक पुन्हा समोर

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एम.टी.व्ही. ही वाहिनी सुरू झाली. दिवसभर फक्त गाण्यांचे व्हिडिओ. तिच्यावर दाखवलेल्या पहिल्याच गाण्याच्या शीर्षकाचा अर्थ होता, 'व्हिडिओनं रेडिओच्या ताऱ्याचा जीव घेतला'. आज इतक्या वर्षांनंतर मी रेडिओवरच बोलतो आहे, तेव्हा रेडिओ जिवंत आहे हे उघड आहे. पण एक मोठा बदल त्या काळात झाला. कथा नाही, नट नाही, फक्त गाणं आणि गाणारा. आपल्याकडे हा बदल दूरदर्शननं घडवला. १५ ऑगस्ट १९८८ रोजी राष्ट्रीय एकात्मतेचं ते अनेक भाषांतलं गीत पहिल्यांदा दाखवलं गेलं. अशोक पत्की आणि लुई बँक्स यांचा संगीतात मोठा वाटा होता. त्याच्या आरंभीच पंडित भीमसेन जोशी दिसतात आणि पुढे बालमुरलीकृष्ण, लता मंगेशकर. ज्यांचा आवाज, त्यांचाच चेहरा. गावोगाव लोकांनी तेव्हा प्रथमच या मोठ्या गायकांना गाताना पाहिलं.

मुलांना मी आणखी एक व्हिडिओ दाखवतो. आयर्लंडची गायिका सिनेड ओकॉनर. १९९० मध्ये तिच्या एका गाण्याचा व्हिडिओ जॉन मेबरी या दिग्दर्शकानं केला. गाणं मूळ प्रिन्स या अमेरिकन संगीतकाराचं. या व्हिडिओत पॅरिसमधली थोडी दृश्यं सोडली तर जवळजवळ सगळा वेळ फक्त तिचा चेहरा आहे. केस बारीक कापलेले, काळे कपडे, काळी पार्श्वभूमी. शेवटाकडे तिच्या गालावरून अश्रू ओघळतात. ते ठरवून आणलेले नव्हते. आपल्याला आईची आठवण झाली होती, असं तिनं पुढे सांगितलं. कुणी दिग्दर्शक घाबरून तिथे दुसरं चित्र जोडता. मेबरीनं जोडलं नाही. जगभर तो व्हिडिओ पाहिला गेला. २०१८ मध्ये सिनेडनं इस्लाम स्वीकारला. त्यानंतरच्या अनेक कार्यक्रमांत ती डोकं झाकून गायली, आणि २०२३ मध्ये तिचं निधन झालं. उघडं डोकं आणि झाकलेलं डोकं, दोन्ही निर्णय तिचे स्वतःचे होते. हा मुद्दा पुढे कामी येणार आहे.

कॅमेऱ्यानं वेळेवर गाणारा टिपला नाही तर काय होतं, याचं मराठीतलं उदाहरण जीव कातरणारं आहे. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबारात दहा माणसं मारली गेली. काही दिवसांतच विलास घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्यानंतर चौदा वर्षं चित्रीकरण करून पटवर्धनांनी २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण केला. त्यात घोगरे पुन्हा आपल्यासमोर गातात, कारण आधी कुणीतरी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला होता. गल्लीत गाणाऱ्या माणसाचा व्हिडिओ करणं ही हौस नाही, हे मुलांना पटवायला मला एवढं उदाहरण पुरतं.

हिंगोलीतली रविवार दुपार

आता आमच्या कामाबद्दल. मुलं आली की पहिल्या रविवारी मी मोबाइल पिशवीत ठेवायला सांगतो. गाणं डोळे मिटून दहा वेळा ऐकायचं. मग ते कागदावर लिहायचं आणि गाणारा कुठे श्वास घेतो तिथे पेन्सिलीनं रेघ मारायची. बहुतेक मुलांना ठेक्यावर चित्र कापायची सवय लागलेली असते. ठेका पडला, की चित्र बदललं. डोळ्यांपुढे नुसती पत्त्यांची पिसणी. मी म्हणतो, श्वासाच्या रेघेजवळ जा. माणूस श्वास घेतो तेव्हा पुढची ओळ त्याच्या चेहऱ्यावर आधी येते आणि ओठांवर मागाहून. तो क्षण कापू नका. कवितेतही ओळ तोडायची जागा श्वासानंच ठरते. हे मला लिहून कळलं होतं, मुलांना ते संकलन करताना कळतं.

दुसरं, आवाज जागेवरच घ्यायचा. प्रभातनं १९३२ साली घेतला तसा. एक मोबाइल गाणाऱ्याच्या जवळ, रुमालात गुंडाळून, वाऱ्यापासून आडोशाला. दुसरा चित्रासाठी. दोन्ही सुरू झाले की एकानं मोठ्यानं टाळी वाजवायची, म्हणजे नंतर टाळीवर टाळी बसवून आवाज आणि चित्र जुळवता येतं. खर्च शून्य.

मागच्या एका हंगामात सेनगाव तालुक्यातली एक मुलगी आली. कॉलेजात शिकणारी. घरी हळदीचं काम. आमच्या जिल्ह्यात हळद मोठं पीक आहे. ती काढायची, उकडायची, वाळवायची, पॉलिश करायची, निवडायची, असे उन्हाळ्यापर्यंत महिने जातात. ती आजीच्या ओव्या म्हणायची आणि त्यांना जोडून स्वतःची कडवीही रचायची. आवाज असा, की खोलीतली सगळी मुलं गप्प झाली. पण व्हिडिओची गोष्ट निघाली तसा एक मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "चाचा, आवाज भारी आहे. पण चेहरा चालणार नाही. नांदेडहून एक मॉडेल आणू, ती ओठ हलवील."

त्या मुलाला मी रागावलो नाही. तो जे पाहत वाढला तेच बोलत होता. पण 'चेहरा चालणार नाही' या वाक्यात किती गोष्टी दडल्या आहेत पाहा. रंग आहे, गाव आहे, जात आहे, अंगावरचे कपडे आहेत. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, शिकत असताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये आलेल्या 'फँड्री'साठी त्यांनी हलगी वाजवणारा खेड्यातला मुलगाच नायक म्हणून निवडला. 'असले चेहरे चालत नाहीत' हे वाक्य तेव्हाही कुणी ना कुणी म्हणालं असेलच.

दुसरीकडून मुलीच्या वडिलांचा निरोप आला. ते स्वतःच एका बाजाराच्या दिवशी भेटायला आले. म्हणाले, "चाचा, गाणं म्हणू द्या तिला. पण लोकाईला तोंड कामून दाखवायचं?" हा प्रश्न मला परका नाही. आमच्या समाजातही तो घरोघर आहे. मी त्यांना सुलोचना चव्हाण यांची गोष्ट सांगितली. अख्ख्या महाराष्ट्राला लावणीनं डोलायला लावणाऱ्या या बाई स्वतः डोक्यावरून पदर घेऊन गायच्या. लोकांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचा पदरही लोकांना ठाऊक होता, नावही ठाऊक होतं. म्हणजे दाखवायचं किती, हे गाणारीनं ठरवावं. पण लपवायचं कुणीतरी दुसऱ्यानं ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिलाच इचारा."

मुलीनं सांगितलं, "मी हळद निवडताना गाते. तसंच घ्या. आणि आजीला बाजूला बसवा, गाणं तिचं आहे."

तसंच घेतलं. सकाळचं ऊन, समोर हळकुंडांची रास, पिवळे झालेले दोघींचे हात, आजीच्या डोक्यावर पदर, नातीच्या गळ्याभोवती ओढणी. कॅमेरा एका जागी. मधे कोंबडी ओरडली, तीही राहू दिली. सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत दोघींची नावं आणि गावाचं नाव.

तो व्हिडिओ गावातल्या आणि पाहुण्यारावळ्यांच्या मोबाइलवर फिरला. त्यापुढे फारसा गेला नाही. काही महिन्यांनी कुणीतरी त्याच आवाजावर दुसरीच सजलेली मुलगी बसवून वेगळा व्हिडिओ केला. नावं काढून टाकलेली. तो कितीतरी पटींनी जास्त पाहिला गेला. मुलं चिडली, गाणारी मुलगी चार दिवस बोलली नाही. आजचे सालोमालो अभंग उतरवून घेत नाहीत, बोटानं उचलतात. पण त्या व्हिडिओखाली लोकांनी काय लिहिलं होतं? अनेकांनी विचारलं होतं, 'हा आवाज कुणाचा?' 'महल'च्या वेळी रेडिओला आलेल्या पत्रांत हाच प्रश्न होता. आमच्या मुलांनी त्या प्रत्येकाखाली दोघींचं नाव आणि गाव लिहिलं. चोरी भरून निघाली नाही. मुलगी मात्र पुन्हा गायला लागली आणि तिच्या पुढच्या कडव्यात तिनं स्वतःचं नाव घातलं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. नर्सी तिच्या गावापासून दूर नाही.

आपण काय करायचं?

या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते. तंत्र बदललं की गाणाऱ्याची जागा हलते. बोलपट आला तेव्हा गायक समोर आला, पार्श्वगायन आलं तेव्हा तो आड गेला, व्हिडिओ आला तेव्हा पुन्हा समोर आला आणि मोबाइल आल्यावर तो समोरही येऊ शकतो आणि पूर्ण पुसलाही जाऊ शकतो. काय होईल, हे तंत्र ठरवत नाही. नव्या मुलांच्या मागे कोण उभं आहे आणि तो त्यांना काय सांगतो, यावर ते ठरतं. बाबूराव पेंटरांमागून दामले-फत्तेलाल आले, प्रभातमधून माने आणि गुरुदत्त आले, गुरुदत्तांमागून राज खोसला. जाणत्यानं कॅमेरा देताना त्यासोबत कान आणि इमानही द्यायचं असतं.

हे काम मोठ्या प्रमाणावर केलेली माणसंही आपल्याकडे आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी बऱ्याच ओव्यांचं ध्वनिमुद्रण केलं. २०१७ पासून 'पारी' या संस्थेनं त्या ओव्या सर्वांसाठी खुल्या केल्या, गायिकांना पुन्हा शोधून त्यांच्या दारात जाऊन त्यांची छायाचित्रं आणि व्हिडिओ घेतले. तिथे ओवीसोबत ती कुणाची, कोणत्या गावची, हे लिहिलेलं असतं. जात्याशी बसून गाणाऱ्या बाईला कुणी कवयित्री म्हटलं नव्हतं. आता तिचं नाव तिच्या ओवीशेजारी आहे.

आपण सगळे काही व्हिडिओ करणार नाही. पण आपल्यापैकी बहुतेकजण रोज एखादं गाणं कुणाला तरी पाठवतात. पाठवण्याआधी एवढं करा. कोण गातंय, कुणी लिहिलंय, ढोलकीवर कोण आहे, ते विचारा, आणि कळलं तर दोन ओळी जोडून पुढे पाठवा. तुमच्या गावात कुणी वासुदेव, कुणी गोंधळी, कुणी कव्वाल, कुणी ओव्या म्हणणारी म्हातारी असेल, तर घरातल्या पोराला सांगा, की त्यांच्याकडे जाऊन बस. आधी ऐक. मग त्यांना विचार, की तुम्हाला कसं दिसायला आवडेल. आणि मगच मोबाइल काढ.

सातशे वर्षांपूर्वी नामदेवांना आपलं नाव गाण्यात स्वतःच ओवावं लागलं. आज ते ओवणं आपल्याही हातात आहे.